गाढवाची जागा

त्या घरात एखाद्याला गाढव म्हटलं तर कुणाला राग येत नसे, कारण ते त्याचं नावच होतं. बाप्तिस्म्याचं नाव वेगळं होतं, पण ते शाळेच्या आणि चर्चच्या वह्यांत पडून राहिलं. घरात थोरलीच्या पाठचा तो गाढव, त्याच्या पाठचे तिघे राजे, मग मेंढी, आणि शेंडेफळ म्हणजे देवदूत. हा देवदूत लहानपणी इतका द्वाड होता की शेजारीपाजारी त्याच्या नावाने बोटं मोडत. थोरली स्वतः बैल. तिला मात्र कुणी बैल म्हणत नसे, ताई म्हणत. थोरलेपणाचा काय तो तेवढाच फायदा.

ही सगळी करणी वडिलांची. ते सुतार होते. लग्नाच्या वर्षी त्यांनी नाताळसाठी लाकडाचा गोठा केला, त्यात मारिया, योसेफ आणि गव्हाणीतला बाळ येशू कोरून ठेवला, आणि पुढे प्रत्येक मुलामागे एक मूर्ती. इकडे मूल पाळण्यात, तिकडे मूर्ती गोठ्यात. गाढवाचा डावा कान अर्धाच आहे, कारण तो कोरताना आतून सुईण "मुलगा!" म्हणून ओरडली आणि हातातली पटाशी घसरली. दुसरं गाढव करा, असं आईचं म्हणणं होतं. वडील म्हणाले, "जसा आलाय तसा बरा आहे." ते मुलाबद्दल बोलत होते की लाकडाबद्दल, हे आईला आजतागायत कळलेलं नाही.

वडिलांनी एक नियमही घालून दिला होता. मूल मोठं होऊन घराबाहेर पडलं की आपली मूर्ती सोबत न्यायची, आणि नाताळला स्वतःच्या हाताने आणून गोठ्यात ठेवायची. दुसऱ्याच्या हाती पाठवायची नाही, पोस्टाने तर नाहीच. "लाकूड काय, कुठूनही कुठेही पोचतं," ते म्हणत. "माणूस आलं पाहिजे."

त्यामुळे आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी वडिलांच्या जुन्या सुतारकामाच्या टेबलावर गोठा मांडला जाई, तेव्हा त्यात मारिया, योसेफ, नाताळच्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवलेली गव्हाणी आणि एकटा बैल एवढेच असत. थोरली कुठे गेलीच नव्हती, मग तिचा बैल कुठे जाणार? तिने लग्न केलं नाही. पुढच्या खोलीत शिवणयंत्र टाकून ती लोकांचे कपडे कमीजास्त करून देई आणि आईला सांभाळी. डिसेंबरात कामाला ऊत येई. कुणाचा कोट पोटावर बसत नाही, कुणाच्या पोरीचा झगा गेल्या वर्षीपेक्षा वीतभर आखूड झालेला, त्यात चर्चच्या गायकमंडळाचे बारा अंगरखे. गळ्यात टेप आणि ओठांत टाचण्या अशा अवतारात ती दिवसभर असे, आणि ओठांत टाचण्या असल्या की माणसाला बोलावं लागत नाही, हे तिला सोयीचंच होतं.

कारण थोरली एकदा बोलली होती, ते अजून तिला निस्तरता येत नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी आगमनकाळाच्या तिसऱ्या आठवड्यात वडील गेले. गाढव चार तासांवरच्या गावात बेकरी चालवत होता. सकाळी निरोप गेला, आणि तो पोचला तो वडिलांना माती देऊन सगळे घरी परतल्यावर. भुवयांवर पीठ तसंच. राजे आणि मेंढी स्वयंपाकघरात, आई आतल्या खोलीत पडलेली, देवदूत फादरांना सोडायला गेलेला. दारात थोरली एकटी. त्याने पिशवीतून आपलं गाढव काढलं. बापाच्या गोठ्यात ते तेव्हाच ठेवावं असं त्याच्या मनात आलं असेल. थोरलीने त्याचा हात अडवला. "भट्टी विझवायला एवढा वेळ लागला?" ती म्हणाली. आणि मग, "घेऊन जा ते. इथे जागा नाही."

दुसऱ्या कुठल्या घरात हे वाक्य कुणी चहाबरोबर गिळून टाकलं असतं. ह्या घरात नाही. ह्या घरातली सातही पोरं दर नाताळला त्या पोटुशा बाईची आणि तिच्या नवऱ्याची गोष्ट ऐकत वाढली होती, दारोदार फिरून जागा न मिळालेल्यांची. लहानपणी ती गोष्ट ऐकताना गाढव हमसून रडायचा आणि थोरली त्याचं नाक पुसायची. त्याने मूर्ती पिशवीत ठेवली, पिशवी खांद्याला लावली आणि आला तसा गेला.

तेव्हापासून तो आला नव्हता. दर रविवारी आईला फोन करी, पण नेमका थोरली चर्चमध्ये मिस्साला गेलेली असताना. बाकीच्यांना वाटे, बेकरीवाला माणूस, नाताळात त्याला श्वास घ्यायला सवड नसणार. थोरली मूग गिळून बसली. तिने फोन हातात घेतला नाही असं नाही. शेकडो वेळा घेतला. पण नेमकं तेव्हाच गिऱ्हाईक यायचं. अकरा वर्षं गिऱ्हाईक बरोबर त्याच वेळी येत होतं.

आणि गोठ्यातली जागा दिसू नये म्हणून त्याच वर्षी तिने आपला बैल थोडा मधोमध आणून बसवला. आल्यागेल्याने विचारायला नको, इथलं गाढव कुठे आहे म्हणून.

खरं सांगायचं तर तिला त्याची फार आठवण येई. ती दोघं सव्वा वर्षाच्या अंतराची. वडिलांनी त्यांना लहानपणीच समजावलं होतं की बाळ येशूला थंडीत ऊब द्यायची ती बैलाने आणि गाढवाने, दोन्ही बाजूंनी श्वास सोडून. राजे आले तरी भेटी देऊन निघून जाणार, ऊब काही देणार नाहीत. पाठची भावंडं झाली तशी ह्या दोघांनी ती खरोखरच दोन बाजूंना निजून उबेत ठेवली होती. आता थोरली एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला कुणीच नाही. आई आजारी पडली, छत गळलं, देवदूताचं लग्न मोडता मोडता राहिलं. प्रत्येक वेळी आधी त्यालाच सांगावंसं वाटलं आणि प्रत्येक वेळी आपलेच शब्द आडवे आले.

यंदा पहिल्या रविवारी आगमनकाळाच्या चार मेणबत्त्यांच्या चक्रातली पहिली जांभळी मेणबत्ती लावली तेव्हा आई म्हणाली, "यंदा गोठा भरलेला पाहिजे."

आई चौऱ्याऐंशीची. डोळ्यांनी तिला आता उजेड आणि अंधार एवढंच कळे, पण कान आणि जीभ दोन्ही शाबूत. डॉक्टरांनी मागच्याच महिन्यात मेंढीला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हृदय थकलंय. मेंढी स्वतः नर्स, तिला जास्त सांगावं लागलं नाही.

"सगळे येतील गं. यंदा नाही जमलं कुणाला तर पुढच्या वर्षी," थोरली म्हणाली.

"पुढच्या वर्षीचं मला सांगू नकोस," आई म्हणाली. "सातही पाहिजेत. मी हात लावून बघणार आहे."

त्या घरात आणखी एक रीत होती. आगमनकाळात रोज संध्याकाळी ज्याने काही चांगलं केलं असेल त्याने गव्हाणीत गवताची एक काडी टाकायची, म्हणजे नाताळपर्यंत बाळाचं अंथरूण तयार होतं. पूर्वी सात पोरांच्या चढाओढीत गव्हाणी आठवड्यात भरून वाहायची. देवदूत तर न केलेल्या पुण्याच्याही काड्या टाकायचा. आता काड्या टाकणाऱ्या दोघीच.

"आज काय केलंस?" आई विचारी.

"तुझ्यावर ओरडले नाही."

"मग दोन टाक."

थोरलीने गाढव सोडून सगळ्यांना फोन केले. तिघे राजे येतो म्हणाले. थोरला राजा नळदुरुस्तीवाला, मधला शाळामास्तर, धाकटा कचेरीत, पण आईचं नाव काढलं की तिघेही सारखेच हळवे. मेंढी चार दिवस आधीच येणार होती. देवदूत म्हणाला, "आणि ताई, गाढवाला ह्या वेळी जरा दामटून सांग. तुझंच ऐकेल तो." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय!

दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी दाराची घंटा वाजली. पोस्टमनने बुटाचं खोकं हातात ठेवलं. वरचं अक्षर तिने अकरा वर्षांनी पाहिलं आणि दारातच खोकं उघडलं. आत पिठाच्या पोत्याचा धुतलेला तुकडा, आणि त्यात गुंडाळलेलं गाढव. डावा कान अर्धा. चिठ्ठी नाही. तिने खोकं उलटं केलं, कापड झटकलं. चिठ्ठी नव्हतीच.

"कोण होतं गं?" आतून आई.

"धाग्यांचं पार्सल आलंय."

तिने गाढव रिळांच्या खणात, काळ्या आणि करड्या रिळांच्या मागे ठेवलं. त्या संध्याकाळी आईने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आज माझी काडी नाही." आईने आपली एक टाकली.

चार दिवस थोरलीने त्या खणाभोवती घिरट्या घातल्या. नियम त्यालाही पाठ होता. पोस्टाने पाठवलं म्हणजे संपलंच, तुमचं गाढव तुम्हाला लखलाभ. की आईला हात लावायला मिळावा म्हणून? गुपचूप गोठ्यात ठेवलं तर आई हात फिरवील, कान ओळखील, आणि पहिला प्रश्न विचारील, तो कुठे आहे? तेव्हा काय सांगणार? तिसऱ्या रविवारी गुलाबी मेणबत्ती लावली. तो आनंदाचा रविवार. थोरलीने काडेपेटीतली काडी ओढली ती मोडली, दुसरी ओढली तीही मोडली.

"हाताला काय झालंय?" आई म्हणाली.

"थंडी," थोरली म्हणाली.

शनिवारी मेंढी आली. थोरलीने गाढव त्याच कापडात गुंडाळून पिशवीत घातलं, गायकमंडळाचे उरलेले दोन अंगरखे तसेच यंत्रावर टाकले आणि "अस्तराचं कापड आणायला जाते" म्हणून घराबाहेर पडली. अस्तराचं कापड दोन गल्ल्या सोडून मिळत होतं. ती चार तासांच्या बसमध्ये चढली. मांडीवर पिशवी घेऊन, ती दोन्ही हातांनी धरून बसली. काय बोलायचं ते तिने वाटेत जुळवलं, उसवलं, पुन्हा जुळवलं.

बेकरी तिच्या कल्पनेपेक्षा लहान निघाली. बाहेर रांग, काचेवर वाफ, दारात लाकडी फळ्यांवर पावांचे ट्रे. आत गल्ल्यामागे तो. केस पांढरे झाले होते, का पीठच होतं ते, दुरून कळेना. थोरली रांगेत उभी राहिली. पुढे घुसून बहीण आहे म्हणायचा तिला धीर झाला नाही. एकेक माणूस कमी होत गेला तशी तिने जुळवलेली वाक्यंही कमी होत गेली.

"काय देऊ?" त्याने मान वर न करता विचारलं.

"एक पाव," थोरली म्हणाली. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं.

आवाज ऐकून त्याचा हात ट्रेवरच थांबला. त्याने वर पाहिलं.

"आई?" तो म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"नाही, नाही. आई बरी आहे." मग तिने पिशवीतून गाढव काढून वजनकाट्याशेजारी ठेवलं. "हे द्यायला आले. पोस्टाने आलेलं बाबांना चालायचं नाही."

मागचा माणूस खाकरला. भावाने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मेंढी म्हणाली, आईला सगळ्या मूर्ती हाताने बघायच्यात," तो म्हणाला. "म्हणून पाठवलं. यायला मला कुणी सांगितलंय?"

"मी सांगते आहे."

"जागा नाही म्हणाली होतीस."

"म्हणाले होते." तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसले नाहीत. "बाबा शेवटपर्यंत तुझं नाव घेत होते. मला त्याचा राग आला होता. त्यांच्याजवळ मी होते आणि हाका तुला. तुझी चूक नव्हती रे. चुकलं माझं."

त्याने लाकडी गाढवाच्या तुटक्या कानावर अंगठा फिरवला. मग म्हणाला, "चोवीस तारखेला अंधार पडेपर्यंत लोक ऑर्डर न्यायला येतात, ताई. त्यांना काय सांगू?"

"काही सांगू नकोस," ती म्हणाली. "मला सांगायचं होतं ते सांगून झालं."

त्याने पाव कागदात गुंडाळून दिला. गरम होता. परतीच्या बसमध्ये तो तिने पोटाशी धरला, आणि तो निवला तेव्हा अर्धीच वाट सरली होती. गाढव येतो म्हणाला नव्हता, येत नाही असंही म्हणाला नव्हता. जीव टांगणीला लावून घेण्यासाठी ती आठ तासांचा प्रवास करून आली होती.

"मिळालं अस्तर?" आईने विचारलं.

"दुकान बंद होतं."

"पावाचा वास येतोय," आई म्हणाली, आणि कूस बदलून झोपली.

चोवीस तारखेला दुपारपासून घर भरलं. सुना, जावई, नातवंडं, चपलांचा ढीग. तिघे राजे आपापल्या मूर्ती रुमालात गुंडाळून घेऊन आले. चार वाजता रिवाजाप्रमाणे धाकट्यापासून सुरुवात झाली: देवदूत छपरावर, मेंढी गव्हाणीच्या पायथ्याशी, राजे एका ओळीत. गोष्टीत सगळ्यांत शेवटी येणारे राजे इथे गाढवाच्या आधी पोचले, असा मास्तर राजाने विनोद केला. मग सगळे गाढवासाठी थांबले. थोरली दर दोन मिनिटांनी खिडकीशी जाऊन टेप गुंडाळत होती आणि उलगडत होती. पाच वाजले. साडेपाचला चर्चची घंटा झाली.

"चला," आई म्हणाली. "देव काही आपल्यासाठी थांबायचा नाही."

मिस्सात फादर जागा न मिळालेल्यांची गोष्ट वाचू लागले तेव्हा थोरलीने मान खाली घातली. ह्या वर्षी तिला राग आला नाही, लाजही वाटली नाही. नुसतं वाटलं, तो शेजारी बसलेला असावा आणि त्याचं नाक गळत असावं. तिने बाकी काहीच मागितलं नाही.

परतताना सगळी वरात आईच्या चालीने चालली होती, दोन राजांच्या हातांच्या आधाराने आई. घराच्या पायरीवर कोणीतरी बसलं होतं. अंगात पांढरा एप्रन, दाराला कुलूप. थोरली जागच्या जागी उभी राहिली.

"गाढवा!" देवदूत ओरडला. "बेकरीला टाळं लावून आलास की काय?"

"दोनला बंद केली," तो म्हणाला. "उरलेल्यांना सांगितलं, उद्या शिळा खा."

मग एकच गलका झाला. कुलूप उघडलं, पोरं आत घुसली, दिवे लागले. तो मात्र उंबऱ्याशीच थांबला. हातात मूर्ती. थोरलीकडे बघून हळूच म्हणाला, "ताई, जागा आहे?"

नळवाला राजा हसला. "जागा काय विचारतोस, पाहुणा आहेस?"

थोरलीला तिथेच 'ये रे' म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण ती म्हणाली, "त्याला विचारू दे. बाबांना माती दिली त्या दिवशी मीच त्याला ह्या दारातून परत पाठवला. इथे जागा नाही म्हणाले. म्हणून तो येत नव्हता. बेकरी वगैरे काही नाही."

 मेंढीने तोंडावर हात ठेवला. आईला खुर्चीत बसवलं होतं, गोठ्याच्या अगदी जवळ. ती हाताने मूर्ती चाचपत होती. राजे, मेंढी, योसेफ. बैलावर तिचा हात थांबला.

"थोरले," आई म्हणाली, "मी आंधळी होत चालले होते, बिनडोक नव्हते. हा अकरा वर्षं मधोमध बसलाय. ह्यांनी कोरला तेव्हा ह्याची जागा कडेला होती."

"आई, तू कधी बोलली नाहीस."

"मी काय बोलायचं? तोंडातून शब्द तुझ्या गेला होता." तिने दुसरा हात दाराच्या दिशेने पुढे केला. "ये रे. आणि तू बैल सरकव."

तो आत आला. त्याच्या अंगाला पावाचा वास येत होता. थोरलीने बैलाच्या पाठीवर बोटं ठेवली आणि तो दोन बोटं बाजूला घेतला. खाली गवतावर बैलाच्या वजनाने दबलेला एक चौकोन उघडा पडला.

आईने जागा चाचपून पाहिली.

"अजून," ती म्हणाली.